साडेसातचा भात : अन्न सुरक्षा आयुक्तांना खुले पत्र

माननीय अन्न सुरक्षा आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ३० मध्ये आपल्या पदाची कामं सांगितली आहेत. एखाद्या पदार्थावर बंदी घालणं, खटल्याला मंजुरी देणं, या कामांची बातमी होते. त्याच यादीत अन्नसाखळीतल्या निरनिराळ्या घटकांसाठी प्रशिक्षण आयोजित करणं हेही एक काम आहे. त्याची बातमी सहसा होत नाही. हे पत्र त्या कामाबद्दल आहे. मागणी थोडक्यात अशी : हातगाडी, खानावळ, मेस, पोळीभाजी केंद्र, डब्याचा व्यवसाय अशा ठिकाणी हाताखाली काम करणाऱ्यांसाठी मोबाइलवर चालणारं आणि प्रसंगांवर बेतलेलं प्रशिक्षण आपल्या खात्यानं तयार करावं, आणि ते आधी पालघर जिल्ह्यात वापरून पाहावं.

पालघरच का, तर मी इथला आहे. राहायला वैतरणा स्टेशनजवळ, आणि नोकरीची बरीच वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, सुरक्षा प्रशिक्षणाच्या कामात गेली. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी आवारात आपत्कालीन सराव करावा लागतो. भोंगा वाजतो, कोणी जखमी झाल्याचं नाटक करतो, स्ट्रेचर येतं, हजेरी घेतली जाते. पहिल्या सरावात माणसं हसतात. पण वायूचे गुणधर्म घडाघडा म्हणून दाखवणारा ऑपरेटर भोंगा झाल्यावर वारा जिकडे वाहतोय तिकडेच पळत सुटताना मी पाहिला आहे, आणि सही करता न येणारा हेल्पर वर फडफडणाऱ्या विंडसॉककडे एकदा बघून शांतपणे आडव्या दिशेला निघालेलाही पाहिला आहे. फरक एवढाच होता की हेल्परचा तो चौथा-पाचवा सराव होता.

आता याच कामगारांच्या जेवणाकडे या. डहाणू लोकलमधून वसाहतीजवळच्या बोईसरला उतरलेला माणूस पोहे नाहीतर वडापाव खाऊन कामावर जातो. दुपारचा डबा खानावळीतून येतो. संध्याकाळी पाळी सुटली की चायनीजच्या नाहीतर भुर्जीपावच्या गाडीवर गर्दी होते, आणि खोलीवर एकटा राहणारा बिहारचा किंवा ओडिशाचा मुलगा रात्रीचं तिथेच उरकतो. ज्या वसाहतीत वायुगळतीची रंगीत तालीम वर्षातून दोनदा होते, त्याच वसाहतीच्या फाटकाबाहेर रोज हजारोंना जेवू घालणाऱ्या गाड्यांवरच्या मुलाला कधी कोणी विचारलेलं नाही : असं झालं तर तू काय करशील?

केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा फॉस्टॅक हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१७ पासून सुरू आहे, हे मला ठाऊक आहे. परवानाधारक ठिकाणी दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, ही त्यातली मुख्य कल्पना. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तीन वर्षांत २५ लाख व्यावसायिकांना प्रशिक्षण देण्याचं जाहीर केलं होतं. आकडा मोठा आहे आणि हेतूबद्दल तक्रार नाही. पण चार माणसांच्या गाडीला हे सूत्र लावून बघा. शिकणारा एक, तो बहुतेक मालक. तो काही तास बसतो, पडद्यावरची चित्रं बघतो, जंतूंची नावं ऐकतो, प्रमाणपत्र घेतो. प्रमाणपत्राला फ्रेम होते. कढईपाशी उभा असलेला मुलगा त्या दिवशी गाडी सांभाळत असतो, कारण शेठ ट्रेनिंगला गेलेला असतो.

कायदा लिहिणारे या मुलाला विसरले नव्हते. कलम १६ मध्ये प्रशिक्षणाची जबाबदारी सांगताना मालक आणि कर्मचारी असे दोन्ही शब्द आहेत.

मला हवं असलेलं प्रशिक्षण कसं असेल, ते एका प्रसंगावरून सांगतो.

समजा, बोईसरच्या नवापूर नाक्याजवळ एक चायनीजची गाडी. दुपारी साडेबाराला भात शिजवून गाळला, प्लास्टिकच्या टबात भरला, वर ओलं फडकं टाकलं. आता संध्याकाळचे साडेसात. पाळी सुटलीय, गाडीपुढे सात-आठ गिऱ्हाइकं. शेठ सिलिंडर आणायला गेलाय. मुलानं टबात हात घातला, तर भात मधोमध अजून कोमट. वास काही नाही. कढई तापलीय. तू काय करशील?

एक : आच मोठी करून भात खणखणीत परतीन, एवढ्या आगीत काय जगतंय? दोन : कडेचा गार भात घेईन, मधला ठेवून देईन. तीन : शेठला फोन लावीन. चार : आज राइस नाही, फक्त नूडल्स, असं सांगीन आणि शेठ आल्यावर शिव्या खाईन.

पहिलं उत्तर अडाणी माणसाचं नाही. ते विचार करणाऱ्या मुलाचं उत्तर आहे, कारण आगीनं जंतू मरतात हे त्याला कोणीतरी शिकवलेलं असतं. अडचण अशी की भातातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवतानाच्या उकळीतून वाचतात, कोमट भातात तासन्‌तास पडले की वाढतात, आणि त्यांच्यातले काही असं विष सोडतात की ते पुन्हा परतल्यानं जात नाही. जंतू मरतो, विष राहतं. हे वाक्य फळ्यावर लिहून दिलं तर तो मुलगा मान हलवील आणि उद्या भात परतील. स्वतः पहिलं उत्तर निवडून पुढे काय घडतं ते ऐकलं, तर निदान एकदा थांबेल.

पुढे काय घडतं, हे लिहिताना बहुतेक प्रशिक्षणं खोटं बोलतात. चुकीचं बटण दाबलं की लगेच रुग्णवाहिका येते. मुलाला हे पटत नाही आणि पटूही नये, कारण असा भात त्यानं कैक वेळा विकलाय आणि कोणी परत येऊन भांडलेलं नाही. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. म्हणून प्रसंगात पहिल्या उत्तरानंतर आधी काहीच होऊ नये. गिऱ्हाइकं खाऊन जातात, शेठ शाबासकी देतो. पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग, तेच उत्तर, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा उकाडा जास्त असतो, भात तासभर अधिक पडलेला असतो, आणि रात्रपाळीत चौघांना उलट्या सुरू होतात. चौघांनीही तुझ्याकडेच खाल्लं होतं. धोका हा असाच येतो, आधी दोनदा सवय लावून. ते दाखवायला गोष्टच लागते.

मग गोष्ट मागे न्यावी, थेट साडेबाराला. कारण साडेसातला मुलाच्या हातात चांगला पर्याय उरलेलाच नव्हता. भात टाकणं आणि शेठला तोंड देणं, एवढंच होतं. दुपारी मात्र खूप काही होतं. निम्माच भात लावायचा आणि दुसरा घाणा संध्याकाळी लावायचा. खोल टबाऐवजी पसरट परातींत पातळ थर देऊन लवकर निववायचा आणि थंड ठेवायचा. झाकणावर खडूनं वेळ लिहायची. गाडीवर थर्मामीटर नसतो, पण प्रत्येकाच्या खिशात घड्याळ असतं. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघरांना दोन आणि चार तासांचा एक सोपा हिशेब देतात : ५ ते ६० अंशांच्या मधल्या धोक्याच्या पट्ट्यात अन्न दोन तासांपेक्षा कमी राहिलं तर फ्रिजमध्ये जाऊ शकतं, दोन ते चार तास राहिलं तर लगेच वापरायचं, चारच्या वर गेलं की टाकायचं. खडू आणि घड्याळ एवढ्यावर हा हिशेब बोईसरच्या गाडीवरही मांडता येतो.

असे प्रसंग आणायचे कुठून, हा प्रश्न आपल्याला पडणार नाही असं मला वाटतं, कारण ते आपल्याच कपाटांत आहेत. कलम ३२ खाली आपले अधिकारी सुधारणा नोटिसा देतात. प्रत्येक नोटिशीमागे एक गोष्ट असते : कोणीतरी, कुठल्यातरी घाईत, काहीतरी असं केलं की जे त्या क्षणी शहाणपणाचं वाटलं. नोटिशीत फक्त शेवट उरतो, ‘कच्चे व शिजवलेले पदार्थ एकत्र आढळले’. सुरुवात अधिकाऱ्याच्या डोक्यात असते. नावं, पत्ते काढून टाका, त्या अधिकाऱ्यांना दोन दिवस एका खोलीत बसवा आणि सांगायला लावा. सोबत दोन-तीन जुने आचारी आणि डबे करणारी एखादी बाई बसवा, म्हणजे मंडळी कागदी बोलणार नाहीत. बाहेरच्या एजन्सीला पैसे मोजून परदेशी हॉटेलातल्या पांढऱ्या टोपीच्या शेफची चित्रं विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि खरंही.

माझ्याकडेही काही आहेत. केळव्याला शनिवार-रविवारी पर्यटकांनी भरणारी घरगुती खानावळ. रात्री वीज गेली, फ्रीजरमधले बांगडे सकाळपर्यंत मऊ पडले. दिसायला ठीक, वासही फारसा नाही. मालकीणबाई म्हणतात, मसाला जरा जास्त लाव आणि कडक तळ. इथेही तळण्याचा उपयोग नाही, कारण बांगड्यासारख्या माशात थंडावा तुटला की तयार होणारं हिस्टामिन तळून जात नाही. तासाभरात गिऱ्हाइकाचा चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्तासारखं उठतं, आणि तो म्हणतो मला माशाची ॲलर्जी आहे वाटतं.

दुसरा प्रसंग बर्फाचा. उसाच्या रसाच्या गाडीवर बर्फ संपला. शेजारी मासळीवाल्याकडे लादी आहे, जराशी निळसर. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायचा हा नियम २०१८ पासूनचा. गाडीवरच्या पोराला तो रंग म्हणजे काय हे माहीत आहे का? आणि माहीत असलं, पण पुढ्यात शाळेतून सुटलेली पंधरा मुलं उभी असली तर?

तिसरा अगदी छोटा. गिऱ्हाईक विचारतं, या चटणीत शेंगदाणे आहेत का? मुलगा म्हणतो, नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही. चटणी त्यानं केलेलीच नसते, आणि ‘माहीत नाही’ म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल असं त्याला वाटतं. या प्रसंगात बरोबर उत्तर आहे ‘थांबा, आत विचारून सांगतो’. ते म्हणायला लाज वाटू नये, एवढंच शिकवायचं आहे. वडापावच्या तेलाचं आणि वर्तमानपत्राच्या कागदाचं इथे लिहीत नाही. ते प्रसंग आपले अधिकारी झोपेतही सांगतील.

ज्या प्रसंगावर हे सगळं प्रशिक्षण तरेल किंवा बुडेल, तो मात्र सविस्तर सांगतो. पोळ्या लाटणारी बाई. सकाळपासून तीन वेळा जुलाब झालेत. अन्न परवाना व नोंदणीच्या २०११ च्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे अशा अवस्थेत तिनं अन्नाला हात लावायचा नाही आणि तब्येतीचं मालकाला सांगायचं. तिला हे माहीतही असेल. पण सांगितलं की घरी जायचं, घरी गेलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे तिच्या गॅससाठी बाजूला काढलेले. तिच्यापुढे चार पर्याय ठेवून आपण ‘बरोबर उत्तर निवडा’ म्हणणार असू, तर ती बरोबर उत्तर निवडील, मोबाइल ठेवील आणि पोळ्या लाटायला बसेल. ज्ञानाची इथे कमतरता नाही.

म्हणून हा प्रसंग आधी मालकाला द्यावा. तुझ्याकडची बाई सकाळी सांगते की पोट बिघडलंय. तू खाडा धरशील? अर्धा पगार देशील? आजच्या दिवस तिला गल्ल्यावर किंवा डब्यांची नावं लिहायला बसवशील, की ‘थोडं लिंबूपाणी घे आणि लाग कामाला’ म्हणशील? मालकानं काय निवडलं त्यावर पुढे कामगाराच्या मोबाइलवर तोच प्रसंग उघडावा. ज्या दुकानात मालक खाडा धरतो तिथल्या बाईला आपण काय शिकवणार? पगारी रजा हा कामगार खात्याचा विषय आहे असं आपल्या कार्यालयातून उत्तर येईल, हे मी गृहीत धरतो. पण अन्न बाधल्यावर नोटीस आपल्या खात्याकडून जाते, कामगार खात्याकडून नाही.

यातून एक अट निघते. प्रसंगांत दिलेली उत्तरं कोणाकडेही जाता कामा नयेत. मालकाकडे नाहीत, आपल्या निरीक्षकाकडे तर मुळीच नाहीत. कारखान्यात सरावाच्या चुका आम्ही कधी शिस्तभंगासाठी वापरल्या नाहीत. वापरल्या असत्या, तर दुसऱ्या सरावात सगळ्यांनी पाठ केलेलं नाटक केलं असतं. चुकीचं बटण निर्धास्तपणे दाबता आलं नाही तर या खटाटोपाला अर्थ नाही. गुण नकोत, आणि भिंतीवर लावायचं प्रमाणपत्रही नको. निरीक्षकानं गाडीवर आल्यावर कागद मागण्याऐवजी झाकणावरची खडूची वेळ बघावी.

मोबाइलच का, वर्ग का नको, असं विचाराल तर आमच्या भागाचा भूगोल बघा. वैतरणेच्या खाडीतल्या वाढीव बेटावरची माणसं रेल्वेच्या पुलावरून जीव मुठीत धरून चालत स्टेशन गाठत आलेली आहेत. सफाळ्याच्या किंवा मनोरच्या माणसाला पालघरच्या सभागृहातला वर्ग म्हणजे एक दिवसाची रोजी. मोबाइल सगळ्यांकडे आहे, निदान घरात एक. पण तो कढईशेजारी, तेलकट हातानं, दुपारच्या तीन ते चारच्या निवांत वेळात उघडला जाणार. तेव्हा एक प्रसंग सात-आठ मिनिटांचा, ऐकायचा, वाचायचा नव्हे. अंगठ्यानं दाबता येतील अशी तीन-चार मोठी चित्रं. नेट गेलं तर जिथे थांबलं तिथून पुढे. नाव-पत्ता भरायचा फॉर्म नको, पासवर्ड तर नकोच. आवाज आकाशवाणीच्या निवेदकाचे नकोत, बोईसरच्या नाक्यावर ऐकू येतात तसे हवेत : मराठी, वाडवळी वळणाची आणि वारली घरातली सुद्धा, आणि हिंदी, जी इथल्या गाड्यांवर खरोखर बोलली जाते ती, भोजपुरी मिसळलेली. चायनीजच्या गाड्यांवर नेपाळी मुलं असतात. त्यांच्यासाठी नेपाळीतही करावं, ते कोणाच्या अस्मितेला लागू नये.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२३ पासून उपाहारगृहांना नवं मानक लावलं. त्यात पर्यवेक्षक आहेच, पण अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण मिळालेलं असावं असंही आहे, आणि तिथल्या राज्यांच्या आरोग्य खात्यांनी त्यासाठी फुकटचे ऑनलाइन पाठ ठेवले आहेत. आपल्याकडे गाड्या आणि खानावळी अफाट, निरीक्षक मोजके. दर २५ मागे एकाच्या हिशेबानं आपण कधीच पोचणार नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. हात कसे धुवायचे, चिरायची फळी कशी घासायची, हे मोबाइलवर येत नाही. ते नळाखालीच शिकायचं, आणि शिकवायला कोणीतरी शेजारी उभं राहावं लागतं. नळ असावा लागतो, हेही आहे. कित्येक गाड्यांवर बादलीभर पाण्यात दिवस निघतो आणि त्याला प्रशिक्षण हा उपाय नाही, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांनी पाणी देणं हा आहे. मोबाइलवर शिकवायचा तो फक्त निर्णय, गर्दीत आणि दडपणाखाली घ्यायचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या डहाणू प्रकल्पातल्या अनेक आश्रमशाळांतली दोनशेहून अधिक मुलं आजारी पडली. त्यांचं जेवण बोईसरजवळच्या कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गेलं होतं. कारणांची चौकशी हा माझा विषय नाही आणि कोणावर बोट दाखवायला मी हे लिहीत नाही. मला दिसतो तो शेवटचा टप्पा. लांबून आलेला डबा शाळेत उघडणारी बाई. झाकण काढल्यावर तिला वास जरा वेगळा वाटला, असं समजा. ओळीत बसलेली मुलं भुकेली आहेत, गाडी परत निघालीय, मुख्याध्यापक बैठकीला गेलेत, दुसरं जेवण नाही. अशा वेळी ‘हे वाढू नका’ म्हणण्याचा अधिकार तिला आहे, हे तिला कोणी कधी सांगितलंय का? म्हटल्यावर फोन कोणाला करायचा, तो नंबर तिच्याकडे आहे का? आश्रमशाळा म्हणजे छोटा व्यवसाय नव्हे, ते आदिवासी विकास विभागाचं काम. पण हा प्रसंग त्या बाईचा आहे तसाच कंपनीच्या फाटकावर डबे उतरवून घेणाऱ्या माणसाचाही आहे, आणि तो लिहिताना दोन्ही खात्यांना एकत्र बसावं लागलं तर बरंच.

सुरुवातीला दहा प्रसंग पुरेत. पावसाळ्याआधी, निदान मे अखेरपर्यंत, ते तयार व्हावेत अशी विनंती आहे. पाणी बिघडतं, माश्या वाढतात आणि वीज जाते ती नंतरच. लिहून झाले की आधी मंत्रालयात नव्हे, बोईसर स्टेशनबाहेरच्या चार गाड्यांवर दुपारी ऐकवा. ज्या प्रसंगाला मुलं ‘असं कुठं होतं, साहेब?’ म्हणून हसतील तो काढून टाका, आणि खरं काय होतं ते त्यांनाच विचारून दुसरा लिहा. त्या दुपारी बरोबर कोणी स्थानिक माणूस हवा असेल, तर मी येईन.

आपला,
तारापूरच्या कारखान्यांतला एक निवृत्त सुरक्षा प्रशिक्षक,
वैतरणा